फुटलेले अपेंडिक्स आणि ‘औषधाने पोट धुणे’

सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरून पोटदुखीचा रुग्ण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात उशिरा पोहोचतो, तेव्हा त्याचे अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, फुटलेले असण्याची शक्यता मोठी असते. अशा शस्त्रक्रियेनंतर नातलगांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘डॉक्टरांनी पोट औषधाने नीट धुतले ना?’ पुढे ताप आला वा आत पू झाला की ‘धुण्यात कसूर झाली’ असा समज पसरतो. हा समज कितपत खरा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आंत्रपुच्छ ही मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेली बोटभर लांबीची बंद नळी होय. तिचे तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले, की आत दाब वाढतो, रक्तपुरवठा खुंटतो आणि भिंत सडून फुटते. मग आतड्यातील जंतू उदरपोकळीत सांडतात. या पोकळीला आतून उदरावरण नावाचे अत्यंत पातळ अस्तर असते. त्याचे एकूण क्षेत्रफळ जवळजवळ शरीरावरील त्वचेइतके भरते. ते जिवंत असते; जंतूंशी लढणाऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि पोटातील चरबीचा पडदा दूषित भागाभोवती गुंडाळून त्यास वेगळे पाडतो. पोट धुण्याच्या प्रश्नाचे उत्तर याच अस्तरात दडलेले आहे.

जंतुनाशकांनी शस्त्रक्रियेचा कायापालट केला, यात शंका नाही. जोसेफ लिस्टर यांनी 1867 साली कार्बोलिक आम्लाचे प्रयोग प्रसिद्ध केले. जे जखमेवर चालते ते पोटात का चालू नये, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी मात्र धोक्याची सूचना दिली. खोल, वेड्यावाकड्या जखमांच्या कपारींत जंतुनाशक पोहोचतच नाही. जेथे पोहोचते तेथे जंतूंपेक्षा शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशींनाच अधिक मारते, असे त्यांनी दाखवून दिले. आतड्यांच्या असंख्य घड्या असलेल्या उदरपोकळीला हे तर अधिकच लागू पडते.

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसिद्ध शस्त्रक्रिया येथे आठवते. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना तीव्र आंत्रपुच्छदाह झाला आणि 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. वादळात वीज गेली आणि अखेरचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी त्या जागी गळू झाले व प्रकृती सावकाश सुधारली. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुक्तता केली. जंतुनाशके त्या काळी सर्वत्र वापरात होती, प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोधच 1928 मधला. अपेंडिक्सनंतर पू होणे हे निष्काळजीपणाचेच लक्षण असते असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आज काय केले जाते? दुखणारे आंत्रपुच्छ काढून दूषणाचा उगम बंद करणे, साठलेला पू शोषकनळीने ओढून घेणे आणि शिरेतून प्रतिजैविके देणे, हा उपचाराचा कणा होय. अनेक शल्यविशारद पोकळी सलाईनने, म्हणजे सौम्य मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, धुतात. परंतु त्याचाही निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. अमेरिकेत फुटलेल्या अपेंडिक्सच्या 220 मुलांवर झालेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांचे पोट सलाईनने धुतले त्यांपैकी 18.3 टक्के, तर ज्यांचा पू केवळ ओढून घेतला त्यांपैकी 19.1 टक्के मुलांना पुढे पोटात गळू झाले. हा फरक नगण्य होय. 2020 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही धुण्याने शोषणापेक्षा अधिक लाभ होत नाही, असेच म्हटले आहे. धुताना पाणी सर्वत्र पसरले तर एका कोपऱ्यात अडवलेला पू यकृताखाली वा ओटीपोटात जाण्याची भीतीही असते.

मग पोव्हिडोन आयोडीनसारख्या तपकिरी औषधाने धुतले तर? ते उदरावरणातून रक्तात शोषले जाऊन थायरॉइड व मूत्रपिंडावर परिणाम करू शकते. क्लोरहेक्सिडीनने अस्तर जाड होऊन आतडी जखडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. अतिशय पातळ केलेले आयोडीन मुलांत उपयोगी पडेल काय, याचे लहान प्रमाणावरील प्रयोग परदेशी झाले आहेत. तथापि तेवढ्यावरून ती नित्याची पद्धत ठरत नाही. या औषधांचे योग्य स्थान वेगळे आहे: शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर आणि काही वेळा पोट शिवताना वरच्या जखमेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या सूचना पाण्यात मिसळलेल्या पोव्हिडोन आयोडीनने चिरेची जखम धुण्याचा विचार करावा असे सुचवतात, पण ती जखमेपुरतीच गोष्ट आहे. तेव्हा ‘सलाईननेच धुतले’ किंवा ‘धुतलेच नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्यांनी काटकसर केली असे मानू नये.

खरी गोष्ट वाया गेलेल्या तासांची आहे. दुखणे सुरू झाल्यापासून साधारण दीड दिवसानंतर फुटण्याचा धोका वाढत जातो. लहान मुलांत तो याहूनही लवकर येतो. अक्राणी तालुक्यातील पाड्यावरून पावसाळ्यात रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, मणिबेलीसारख्या नर्मदेकाठच्या गावांना बोटीवर विसंबावे लागते आणि पुढे घाट उरतोच. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते, पण ती रस्ता असेल तेथपर्यंतच येणार. म्हणून पाड्यावर वाट पाहण्यात गेलेला दिवस येथे फार महाग पडतो.

आश्रमशाळा, वसतिगृहे व मिशनच्या दवाखान्यांतून काम करणाऱ्यांनी पुढील खुणा ओळखाव्यात. दुखणे प्रथम बेंबीभोवती असते, काही तासांनी उजवीकडे खाली स्थिरावते. भूक मरते, ओकारी होते, बारीक ताप येतो, चालताना वा खोकताना कळ येते. अशा वेळी एरंडेल वा जुलाब देऊ नये, खाणे थांबवावे. दुखणे एकाएकी थांबले म्हणून निश्चिंत होऊ नये. नळी फुटताच दाब उतरतो व थोडा वेळ आराम पडतो. नंतर सबंध पोट कडक होते. या भागातील आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आढळतो आणि त्याच्या झटक्यातही पोट तीव्र दुखते. त्यामुळे सिकलसेल असलेल्या मुलाची पोटदुखी ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून दिली जाते आणि आंत्रपुच्छदाह नजरेआड होतो. त्याचे सिकलसेलचे कार्ड रुग्णालयात सोबत न्यावे आणि दुखणे कोणत्या वेळी, कोठे सुरू झाले व शेवटचे अन्न केव्हा घेतले, हे कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्यावे.