कोपऱ्यातील कर्णा आणि त्यास साजेसा विवर्धक

घरगुती ध्वनियोजना सिद्ध करताना आधी विवर्धक घ्यावयाचा आणि उरलेल्या पैशांत ध्वनिक्षेपक बसवावयाचा, असा क्रम सामान्यतः आढळतो. उच्च कार्यक्षमतेच्या योजनेत हा क्रम उलटा धरावा लागतो. इतकेच नव्हे, तर ध्वनिक्षेपकाच्याही आधी घराच्या कोपऱ्याचा विचार करणे प्राप्त होते. कारण या योजनेत कोपरा हा यंत्राचाच एक भाग असतो. पाताळगंगेच्या काठी वसलेल्या आपटा या पनवेल तालुक्यातील गावी, जाड भिंतींच्या व कौलारू छपराच्या जुन्या घरात अशी योजना स्वहस्ते करावयाची झाल्यास निवड कशी करावी, याचे विवेचन येथे योजिले आहे.

साध्या ध्वनिक्षेपकाचा शंकू हवेला फारच विरळ माध्यम म्हणून अनुभवतो. त्यास पुरविलेल्या विद्युतशक्तीपैकी शंभरातील एक भागही पुष्कळदा ध्वनिरूपाने बाहेर पडत नाही. उरलेली शक्ती वेटोळ्याच्या उष्णतेत जाते. एक वॅट शक्तीला एक मीटर अंतरावर ८६ डेसिबेल देणारा ध्वनिक्षेपक जेमतेम पाव टक्का कार्यक्षम असतो. १०४ डेसिबेल देणारा सुमारे १६ टक्के. हा फरक कर्णा घडवून आणतो. अरुंद कंठापासून रुंद मुखापर्यंत क्रमाने वाढत जाणारी ही नळी शंकूवर हवेचा योग्य भार टाकते. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला, त्या काळी बोलपटगृहांचे विवर्धक आजच्या मानाने अल्पशक्तीचे होते. तरीही प्रेक्षागृह आवाजाने भरून जाई, ते कर्ण्यांच्या बळावर.

अडचण आकाराची आहे. दर सेकंदास ४० आवर्तनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर. मोकळ्या जागेत हा स्वर नीट सोडणाऱ्या कर्ण्याच्या मुखाचा परिघ साधारण तितकाच हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर! असा कर्णा घरात आणण्यापेक्षा कर्ण्यातच घर करणे सोपे. परंतु दोन भिंती आणि जमीन यांच्या सांध्यात तोच कर्णा ठेवला की ध्वनीस पसरण्यासाठी पूर्ण अवकाशाचा आठवा हिस्साच उरतो, आणि मुखाचे क्षेत्रफळही आठव्या हिश्श्यावर, म्हणजे पाऊण चौरस मीटरवर येते. पुढचा कर्णा भिंतीच पुरवितात. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० नंतरच्या दशकात घरगुती कोपऱ्याचा कर्णा तयार केला. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी नळीला घड्या घालून ती पेटीत बसविली. आर्कान्सामधील होप या गावी १९४६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेचा ‘क्लिप्शहॉर्न’ आजही या जातीचा आदर्श मानला जातो. घड्यांच्या नळीतून वरचे स्वर नीट जात नाहीत. म्हणून सुमारे ४०० आवर्तनांच्या वर मध्यम व तार स्वरांसाठी स्वतंत्र कर्णे लागतात.

आता आपट्याच्या घराकडे वळावे. कौलारू छपरातून ध्वनी निसटून जाईल ही शंका साहजिक आहे. परंतु कोपरा बनतो तो दोन भिंती व जमीन यांचा, छताचा त्यात भाग नाही. दगडी किंवा विटांची जाड भिंत खर्जाचा दाब अंगावर घेऊनही हलत नाही. कुडाची भिंत वा पातळ पडदी मात्र स्वतःच थरथरते आणि खर्ज गिळून टाकते. कोपऱ्यापासून दोन्ही अंगांना सव्वा मीटरपर्यंत दार, खिडकी वा कोनाडा नसावा. जुन्या माजघरात ही अट पाळणारे दोन कोपरे, तेही एकाच भिंतीच्या दोन टोकांना, मिळणे कठीण: एकात देव्हारा, दुसऱ्यात माळ्याचा जिना. शिवाय चुन्याच्या गिलाव्याचा कोपरा काटकोनात क्वचितच असतो. पेटी आणि भिंत यांत फट राहिली तर तेथून खर्ज गळतो. ती नमद्याच्या किंवा रबराच्या पट्टीने बंद करावी लागते.

दोन कोपरे न मिळाल्यास हळहळण्याचे कारण नाही. द्विमार्गी ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या साऱ्या मुद्रिका एकमार्गी आहेत. जुने गायन हाच ज्याचा मुख्य विषय आहे, त्याने एकच उत्तम कोपरा निवडून एकच कर्णा बांधणे अधिक शहाणपणाचे. आणखी एक सवलत घेता येते. गळा, तंबोरा, पेटी आणि डग्गा यांचे स्वर बहुतांशी ६० आवर्तनांच्या वरचे असतात. खालची मर्यादा ४० ऐवजी ६० धरली तर मुखाचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी, सुमारे एकतृतीयांश चौरस मीटर होते. सुतारकामही त्या मानाने आटोक्यात येते. रायगडच्या पावसात साधा प्लायवूड फुगतो व त्याचे पापुद्रे सुटतात. आयएस ७१० या मानकाचा जलरोधक प्लायवूड महाग असला तरी येथे काटकसर करू नये.

विवर्धकाचे गणित यानंतर सरळ आहे. श्रोता चार मीटरवर बसला आणि तेथे क्षणिक उच्चांक १०० डेसिबेल हवा असला, तर खोलीचे परावर्तन न धरता एक मीटरवर ११२ डेसिबेल लागतात. १०४ डेसिबेलच्या कर्ण्यास त्यासाठी सुमारे ६ वॅट पुरतात. ८६ डेसिबेलच्या पेटीस ४०० वॅट लागतील. खोलीचे साह्य मिळत असल्याने प्रत्यक्ष गरज याहूनही कमी असते. तेव्हा ‘३००बी’ या एका निर्वात नलिकेचा सुमारे ८ वॅटचा विवर्धक, किंवा ‘ईएल८४’ नलिकांच्या जोडीचा १० वॅटचा, पुरेसा ठरतो. विल्यमसन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला १५ वॅटचा आराखडाही भरपूर होईल.

येथे वॅटपेक्षा शांतता महत्त्वाची आहे, आणि नवशिके नेमके येथेच फसतात. विवर्धकाच्या निर्गमावर एक मिलिव्होल्ट गुणगुण असली, तर ८ ओहमच्या कर्ण्यातून ती एक मीटरवर सुमारे ३५ डेसिबेल ऐकू येते. मंद पेटीतून फक्त १७. शेवटची गाडी गेल्यावर आपट्याच्या रात्रीत ३५ डेसिबेलची गुणगुण लपत नाही. म्हणून तापतंतूंना एकदिश प्रवाह, भूसंपर्काचा एकच बिंदू आणि रोहित्र दूर ठेवणे, या गोष्टींवर खर्च करावा. ट्रान्झिस्टरचा विवर्धक घेतल्यास तो पहिल्या वॅटच्या दशांशातही विकृतिरहित असावा. ऐकणे बहुधा तेथेच चालते. नलिकांच्या विवर्धकाचा निर्गम-संरोध २–३ ओहम असल्यास कर्ण्याच्या बदलत्या संरोधामुळे काही स्वर उठून येतात. हा दोष सौम्य प्रतिसंभरणाने आटोक्यात येतो. नलिकांच्या मंडलात काही शे व्होल्ट खेळत असतात आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत भार टिकून राहतो, याचा विसर बांधणाऱ्यास पडू नये.

सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आपट्यास दूर नाही. तेथे जाण्यापूर्वी निवडलेल्या कोपऱ्यात दिवाणखान्यातलाच एखादा साधा ध्वनिक्षेपक ठेवून पाहावा आणि खर्ज कोठे वाढतो, कोठे बुडतो हे खोलीभर फिरून ऐकावे. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४–३५ आवर्तनांशी पहिले अनुस्पंदन येते. लांबी व रुंदी समान असल्यास ते दुप्पट जोराने उठते, आणि मग प्लायवूड कापण्याआधी दुसरी खोली शोधलेली बरी.