मुल्कोवालची बाटली आणि मेलेल्या जंतूंचा पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोचण्याजोगी लस एकच, देवीची, आणि तीही जिवंत. रोगजंतू मारून त्याच्या निर्जीव देहाकरवी शरीरात प्रतिकारशक्ती जागवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते १८९७ साली मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जंतू वाढवले, सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून ते मारले, त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल मिसळले आणि १० जानेवारीला ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. जंतूची वाढण्याची क्षमता कायमची नष्ट करायची, पण त्याची रचना उपयोगी पडेल इतकी शाबूत राखायची, यालाच निष्क्रियीकरण म्हणतात.

पंजाबातून लशीची मागणी वाढली तेव्हा हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेने कार्बोलिक आम्ल वगळून लस जलद तयार करण्याची पद्धत स्वीकारली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले, बाकीच्यांना काही झाले नाही. मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने दूषितीकरण परळलाच झाले असे ठरवले आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न तापवता कार्बोलिकच्या द्रावणात नुसता बुचकळून वापरला गेला होता, शिवाय उघडलेल्या लशीला धनुर्वाताच्या जंतूंची दुर्गंधीही नव्हती. याच मुद्द्यांवर शास्त्रज्ञ रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू लढवली आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले, १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

समितीची चूक शास्त्रीयही होती. प्लेगच्या जंतूंना मारणारी ६५ अंशांची उष्णता धनुर्वाताच्या बीजाणूंना, म्हणजे जंतूच्या कडक कवचातील सुप्त रूपाला, मारू शकत नाही, आणि अर्धा टक्का कार्बोलिक फार तर त्यांची वाढ रोखते. म्हणून कार्बोलिक वगळणे म्हणजे एक पहारा उठवणे होते, पण चोर आत कोठून शिरला याचा तो पुरावा नव्हे. एका जंतूला मारणारा उपाय दुसऱ्याला मारतोच असे नाही, म्हणून जंतू मेले हे गृहीत न धरता तपासायचे, हा धडा आजची प्रयोगशाळा दोन टप्प्यांत पाळते. प्रत्येक जातीसाठी आणि प्रत्येक प्रमाणासाठी मारण्याची पद्धत आधी सिद्ध करावी लागते आणि त्यानंतर उपचारित नमुन्याचा अंश पोषक माध्यमात ठेवून, शेजारी जिवंत जंतूंचा तुलनात्मक नमुना वाढवून, काहीच उगवत नाही याची खात्री करावी लागते. ही खात्री किती कच्ची राहू शकते ते २०१५ साली दिसले, जेव्हा अमेरिकी लष्कराच्या डगवे येथील केंद्राने गॅमा किरणांनी मेले असे समजून अनेक प्रयोगशाळांना पाठवलेले अँथ्रॅक्सचे बीजाणू जिवंत निघाले.

जंतू मारल्यानंतरही काम संपत नाही. ते मेल्याचा पुरावा हवा आणि तो बाटली उघडणाऱ्या हातापर्यंत टिकायला हवा. मुल्कोवालच्या चौकशीने त्या शेवटच्या हाताकडे पाहण्याऐवजी परळच्या संचालकाकडे बोट दाखवले, आणि त्याची किंमत एका कर्तबगार माणसाने भोगली.