हरणाच्या अंगातील चिप आणि मालकीचा प्रश्न

कर्नाटकातील बीदर जिल्ह्याचे औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्याचा आळंद हे तालुके महाराष्ट्राला लागून आहेत. बीदरच्या माळरानावरील काळवीट चाऱ्यासाठी शेतांत उतरतात. अशा शेतात एखादे पाडस एकटे दिसले, की ते पोरके समजून घरी नेण्याचा मोह होतो. ते वाढवून पुढे त्याला मायक्रोचिप बसवली, तर ते पाळणाऱ्याचे होते काय? कायद्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे.

मायक्रोचिप ही तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या वेष्टनातील वस्तू. जाड सुईने ती कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नसते आणि प्राणी कुठे आहे हेही ती सांगत नाही. वाचकयंत्र अगदी जवळ नेल्यावर ती केवळ एक क्रमांक दाखवते. ‘आयएसओ ११७८४’ या मानकानुसार तो पंधरा अंकी असतो. या क्रमांकासमोर नोंदवहीत जन्मतारीख, आईबाप आणि स्थलांतर यांची खरी नोंद असेल, तरच त्याला पुराव्याचे मोल येते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ओळखचिन्हाचा विचार पूर्वीच केला आहे. कलम ४१ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक बंदिवासातील प्राण्यांची पाहणी करून त्यांच्यावर ओळखचिन्ह लावू शकतो. ते पुसणे किंवा त्याची नक्कल करणे निषिद्ध आहे. मालकीचा विषय मात्र वेगळ्या कलमांत येतो. कायद्याविरुद्ध बंदिवासात ठेवलेला अथवा तेथे जन्मलेला वन्यप्राणी कलम ३९ नुसार राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. असा प्राणी कोणत्याही मार्गाने हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यासंबंधीच्या गुन्ह्यास २०२२च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

अमेरिकेतील टेक्सासमध्ये हरणांचे प्रजनन हा परवानाधारक खासगी व्यवसाय आहे. तेथे कानातील बिल्ल्यासारखी खूण प्राणी कोणत्या कळपातला हे सांगते आणि रोगाचा माग काढण्यास उपयोगी पडते. आपल्याकडे बंदिवासात जन्मल्याने हरणाचे ‘वन्यप्राणी’ हे स्वरूप संपत नाही. म्हणूनच चिपचे खरे स्थान मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात आहे. आपल्या बोंडला प्राणिसंग्रहालयासारख्या संस्थांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. अनुसूचित प्राण्यांच्या देवघेवीसाठीही त्याच प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. जन्मतःच नोंद झालेल्या पाडसाच्या जागी रानातून पकडलेले जनावर दाखवणे चिपमुळे अवघड होते. कागदावरचा प्राणी आणि पिंजऱ्यातला प्राणी एकच आहे, याची ती खात्री देते.

या उपायाला एक जैविक मर्यादाही आहे. हरणे अत्यंत भित्री असतात. पाठलाग आणि धरपकडीच्या ताणाने त्यांचे स्नायू निकामी होऊन काही दिवसांनीही मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे केवळ चिपसाठी अख्खा कळप पकडणे शहाणपणाचे नाही. उपचार किंवा स्थलांतराच्या निमित्ताने प्राणी हाताळला जात असतानाच, पशुवैद्यकाकडून हे काम उरकणे श्रेयस्कर.

राहिला प्रश्न शेतातल्या पाडसाचा. काळविटाची मादी पहिले काही दिवस पिल्लाला गवतात दडवून दूर चरत असते आणि दूध पाजण्यापुरती परतते. निश्चल पडलेले पाडस बहुधा पोरके नसते. ते न हलवता माणसांनी व कुत्र्यांनी दूर राहावे आणि पिल्लू जखमी असल्यास वनखात्याला कळवावे. चांगल्या हेतूने उचललेले पाडसही आईला मुकते आणि उचलणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. नंतर बसवलेल्या चिपने यांतली एकही गोष्ट बदलत नाही.