टिपणे सापडावीत कशी?

सरकारी पत्रव्यवहारात एक वाक्य फार वेळा वाचावयास मिळते : ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ अनुभवी अर्जदार या वाक्याने खचून जात नाही. अभिलेख नाही असे ते म्हणत नाही. शोधणाऱ्यास तो सापडला नाही, एवढेच म्हणते. हेच वाक्य आता संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरही उमटू लागले आहे, आणि तेथे मात्र आपण ते निमूटपणे खरे मानतो. यंत्राने निमिषार्धात हजार पाने चाळली, तेव्हा त्यांत काही नसणारच, अशी आपली समजूत. मराठी मजकुराच्या बाबतीत ही समजूत फसवी का ठरते, आणि त्यावर उपाय कोणता, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

पुष्कळ लोक आता आपली टिपणे कागदाऐवजी टिपणवहीच्या ॲपमध्ये ठेवतात. एव्हरनोट, जॉप्लिन, ऑब्सिडियन ही त्यांतील काही नावे. त्यांत नवे टिपण लिहिणे सोपे. अडचण येते ती जुने लेखन बाहेरून आणताना. समजा, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या एखाद्या गृहस्थांनी पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर आपल्या आठवणी, घराण्याची हकीकत आणि जमिनीच्या व्यवहारांची टाचणे लिहून ठेवली. ते आज हयात नाहीत. मुलाने त्या साऱ्या फायली ॲपमध्ये आणल्या, मूळ गावाचे नाव लिहून शोध घेतला, आणि उत्तर आले : काही सापडले नाही. आता विचारावयाचे कोणाला?

असा शोध चालतो कसा, ते आधी पाहू. मोठ्या ग्रंथाच्या शेवटी शब्दांची सूची असते. शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात. केतकरांच्या ज्ञानकोशाचा तर एक संपूर्ण खंड सूचीलाच वाहिलेला आहे. पुष्कळ ॲप अशीच सूची पडद्याआड आधीच तयार ठेवतात आणि आपण शब्द दिला की मजकुरात न शिरता सूचीत पाहतात. म्हणून जे सूचीत आले नाही, ते यंत्राच्या लेखी नाहीच.

पहिला प्रश्न असा, की आणलेली फाइल सूचीपर्यंत पोहोचली का? काही ॲप बाहेरची फाइल टिपणाला नुसती जोडून ठेवतात. त्यांना पाकिटावरचे नाव कळते, आतले पत्र ती वाचीत नाहीत. अशा वेळी मजकूर टिपणाच्या अंगात उतरवून घ्यावा लागतो. ऑब्सिडियनची गोष्ट थोडी निराळी. नावाच्या शेवटी ‘एमडी’ असलेल्या फायलींना ते टिपणे मानते. ‘टीएक्सटी’ हा शेवट असलेली साधी फाइल त्याच्या कप्प्यात ठेवली तर ती तेथे राहते, पण शोधात येत नाही. वस्तुतः दोन्हींच्या पोटात साधा मजकूरच असतो. नावाचा शेवट बदलला की काम भागते.

यापुढची अडचण खास आपल्या भाषांची. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर समजावे, याचा सर्वमान्य संकेत म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत देवनागरीला २३०४ पासून १२८ जागा मिळाल्या. आपला ‘क’ तेथे २३२५ या क्रमांकावर बसला आहे. परंतु हा संकेत घरोघरच्या संगणकांवर रुळण्यास बराच काळ गेला. केंद्र शासनाने ई-शासनाकरिता युनिकोड हे मानक ठरविले तेही २००९ साली. मधल्या काळात ‘शिवाजी’, ‘श्रीलिपी’ यांसारख्या टंकांवर मराठी लिहिली गेली. त्या टंकांची युक्ती अशी, की आकडा रोमन अक्षराचा ठेवावयाचा आणि त्यावर चित्र मराठी अक्षराचे चढवावयाचे. कागदावर छापण्यापुरते ते उत्तम होते. पण साध्या मजकुराच्या फायलीत टंकाची नोंद राहत नाही. चित्र गळून पडते आणि खाली रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता उरतो. गावाचे नाव त्यात आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही.

म्हणून आणलेली फाइल उघडून आधी डोळ्यांनी पाहावी. साध्या रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा गुंता दिसला तर तो जुन्या टंकाचा मजकूर समजावा, आणि त्या त्या टंकाच्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणावा. डोक्यावर टिकल्या असलेली रोमन अक्षरे पुनःपुन्हा, ठरावीक तालात दिसू लागली, तर मजकूर बहुधा युनिकोडचाच आहे, वाचणाऱ्याने तो भलत्या संकेताने वाचला आहे. फाइल उघडताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला की मराठी उमटते. मात्र अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली आणि तशीच साठविली गेली असतील, तर मूळ आकडे पुसले गेले. त्यांतून मजकूर परत येत नाही; मूळ प्रतीकडे गेल्यावाचून गत्यंतर नाही. मूळ फायली ॲपमध्ये उतरल्याबरोबर काढून टाकण्याची घाई करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

परिवर्तकांवरही डोळे मिटून विसंबू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट : दिसतो नंतर, लिहावयाचा आधी. ही अदलाबदल चुकली की ‘वर्षा’सारखा साधा शब्दही विस्कटतो.

मजकूर शुद्ध युनिकोडमध्ये आला तरी शोध बिनचूक होतोच असे नाही. काही प्रणालींत सूची करताना अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचे घटक मानतात, आणि वेलांट्या, मात्रा यांना विभाजक चिन्हे समजतात. मग ‘किती’ या शब्दाचे ‘क’ आणि ‘त’ असे दोन तुकडे पडतात. ज्यांच्या लिपीत स्वर स्वतंत्र अक्षरे म्हणून उभे असतात, त्यांच्या सोयीने केलेला हा नियम आहे. येथे वापरणाऱ्याच्या हाती फारसे काही नाही. असे ॲप मराठीसाठी वापरू नये, हेच बरे.

दिसावयास एक आणि आकड्यांत भिन्न, असेही शब्द आहेत. ‘दऱ्या’ या शब्दातला रकार दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र काढून तो लिहिलेला असतो. अर्थात ज्या ॲपमध्ये आपण शोध घेतो, त्या ‘ॲप’ या शब्दाचाच शोध फसू शकतो! फायली आणण्यापूर्वी अशी रूपे ‘शोधा व बदला’ या सोयीने एकसारखी करून घ्यावीत.

शुद्धलेखनाचाही प्रश्न आहेच. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली नवे नियम केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वीची ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ ही रूपे आजच्या ‘काही’, ‘नाही’, ‘घरात’ यांना सापडत नाहीत. ‘कवि’ला ‘कवी’ ओळखत नाही. जुनी पत्रे टंकून घेणाऱ्यांनी मूळ लेखन मुळीच बदलू नये. ते बदलणे म्हणजे कागदपत्रात फेरफार करणे होय. त्याऐवजी टिपणाच्या माथ्यावर आजच्या लेखनाप्रमाणे चारसहा शब्द द्यावेत : गाव, व्यक्ती, वर्ष, विषय.

आणि शेवटी विभक्ती. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याचा’ हाती लागत नाही, कारण प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूपच पालटते. ‘पाण’ एवढाच भाग शोधावा तर पाणबुडी आणि पाणिग्रहणही धावून येतात. तरीही नको ते चार निकाल बाजूला सारणे परवडते; हवे ते एक न दिसणे परवडत नाही. पुष्कळ ॲप शब्दाच्या आरंभभागावरून शोध घेऊ देतात, त्या सोयीचा उपयोग करावा.

हे सारे झाल्यावर परीक्षा घ्यावी. आणलेल्या काही फायलींतून, आरंभीचा, मधला आणि अखेरचा असे, आपण स्वतः वाचलेले शब्द निवडून त्यांचा शोध घ्यावा. एखादा जोडाक्षराचा, एखादा रफाराचा, एखादा ‘ऱ्या’चा असावा. जो सापडणार नाही त्याच्या फाइलीपासून तपासणी पुन्हा सुरू करावी. मूळ फायलींचा संच वेगळ्या जागी, हात न लावता ठेवावा, आणि कोणत्या टंकातून, कोणत्या दिवशी परिवर्तन केले याची दोन ओळींची नोंद त्याच संचात ठेवून द्यावी.