पेराला नऊ टक्के

"डॉक्टरसाहेब, टक्के किती बसले?"

भोसरीत हाडांचा दवाखाना चालवायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याच्या आवाजावरून अपघाताला किती दिवस झाले ते सांगू शकतो. पहिल्या आठवड्यात माणूस विचारतो, बोट वाचेल का. महिन्याने विचारतो, कामावर कधी जाऊ. टक्क्यांवर यायला पाच-सहा महिने लागतात, आणि तेवढे लागू द्यावेतच. जखम भरत असताना, सांधा रोज थोडा थोडा सुटत असताना काढलेला टक्का उद्या खोटा ठरतो. कायमचं काय उरलं, ते सगळं शांत झाल्यावरच मोजता येतं.

यावेळी विचारणारा नांदेडकडचा होता, तीस वर्षांचा, पत्रा दाबायच्या पॉवर प्रेसवरचा. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून गेलेलं, तर्जनीचं शेवटचं पेर गेलेलं. प्रेसचा सुरक्षा-सेन्सर बंद ठेवलेला होता. काम पटापट उरकावं म्हणून तो बंद ठेवतात. त्यावर लिहायला बसलो तर हा लेख बाजूलाच राहील.

उसाला असतात तशी बोटालाही पेरं असतात आणि कायदा ती पेरं मोजतो. १९२३ साली झालेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या (२०१० पासून तो 'कर्मचारी' नुकसानभरपाई कायदा झाला) पहिल्या अनुसूचीत अवयवांचं दरपत्रकच आहे. अख्खी तर्जनी १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९. हाड न जाता नुसतं टोक छाटलं तर ५. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. अंगठा ३०, आणि त्याचं नुसतं वरचं पेर गेलं तरी २०, कारण अंगठ्याशिवाय पकड नाही हे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मनगटापासून पंजा गेला तर ६०. खांद्याच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी दंड उरला तर ८०. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून गोंधळू नका, ते आठ इंच आहेत.

उजवा हात की डावा, याने दर बदलत नाही. लिहिता हात गेला काय आणि दुसरा गेला काय, कोष्टकाला सारखंच.

तर आमच्या गड्याचे ९ आणि १२ मिळून २१ झाले. पुढचा हिशेब शाळेतला आहे. पगाराचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं, आणि त्यातून आपले टक्के काढायचे. त्याला हातात अठरा हजार पडत, पण जानेवारी २०२० पासून कायदा महिना पंधरा हजारांच्या वरचा पगार धरत नाही. म्हणून नऊ हजार गुणिले २०७.९८, कारण तिशीचा गुणक तेवढा. झाले १८,७१,८२०. त्याचे २१ टक्के म्हणजे ३,९३,०८२ रुपये. पन्नाशीत हीच बोटं गेली असती तर गुणक १५३.०९ लागला असता. कारखान्यात माणसं जेमतेम सात, म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू नव्हतं. असतं तर पैसे एकरकमी मिळाले नसते. मेडिकल बोर्डाने टक्का ठरवून जन्मभर दरमहा काही रक्कम दिली असती. (१९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. याचा अपघात ती लागू होण्याआधीचा.)

एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी की नाही कोण जाणे. त्याच कोष्टकात 'एका हाताची दोन बोटं' अशी वेगळी ओळ आहे आणि तिथे आकडा आहे २०. म्हणजे याची तर्जनीही मुळापासून गेली असती तर विमा कंपनीच्या वकिलाला म्हणता आलं असतं, आता वीसच द्या. सुटी सुटी मोजली तर तीच दोन बोटं २६ होतात.

तरीही तुटलेल्या बोटाचा टक्का सोपा. तो छापून आलेला आहे, मी फक्त पेर मोजतो. डोकं चालवावं लागतं ते हात जागेवर असून कामाचा राहत नाही तेव्हा. मनगट चुरलं, प्लेट बसली, हाड जुळलं, एक्स-रे बघून लोक म्हणतात छान झालं. मनगट मात्र वीस अंशांपलीकडे वाकत नाही. अशी दुखापत कोष्टकात नाही. कायदा म्हणतो, ती डॉक्टरने ठरवावी, कोष्टकातल्या आकड्यांकडे नजर ठेवून.

मग मी गोनिओमीटर काढतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटावेत तशी ही पट्टी. मनगट, कोपर, प्रत्येक बोटाचा सांधा, दोन्ही बाजूंचा. चांगला हात हेच माप. मग पकड मोजायचं यंत्र, तीनदा दाबायला लावतो. खरोखर जोर नसेल तर तिन्ही आकडे जवळजवळ येतात. मुद्दाम सैल दाबणाऱ्याचे इकडे-तिकडे पळतात. कोपराखाली टेप लावून घेर घेतो, कारण न वापरलेला हात रोडावतो. आणि तळवा बघतो. "हात अजिबात चालत नाही साहेब" म्हणणाऱ्याच्या तळव्यावर ताजे घट्टे असले तर मी काही बोलत नाही, पुन्हा मोजतो. असे थोडे. जास्त भेटतात ते उलटे: नोकरी जाईल या भीतीने दुखणं लपवणारे.

इतकं करून जो आकडा येतो तो शरीराचा. कायद्याने विचारलेलं वेगळंच आहे: याची कमवायची ताकद किती गेली? या फटीत सगळे वाद अडकलेले आहेत. कोर्टात उलटतपासणीला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, हे चाळीस टक्के हाताचे की अख्ख्या शरीराचे?" दुसरा त्याहून अवघड: "याचं काम तुम्ही कधी पाहिलंय का?"

१९६८ साली ओडिशात एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराजवळून काढावा लागला. कोष्टक म्हणतं ७०. नुकसानभरपाई आयुक्तांनी १०० धरले आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पुढे २०१० च्या एका निकालात याच न्यायालयाने तोच मुद्दा फोड करून सांगितला: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हात तोच, टक्का वेगळा.

हे निकाल वाचेपर्यंत मीही नुसते कोनच लिहीत होतो, हे कबूल करतो. आता मी माणसाला टेबलासमोर उभं करतो आणि म्हणतो, काम करून दाखवा. नांदेडच्या गड्याला गोळ्यांची रिकामी खोकी दिली. त्याने तर्जनीच्या खुंटाने आणि अंगठ्याने खोकं उचलायला बघितलं, ते मधल्या बोटाच्या रिकाम्या जागेतून निसटलं. मग त्याने डाव्या हाताने उचलून उजव्याने नुसतं ढकललं. "असं केलं तर तासाला निम्मेच पीस निघतात," तो म्हणाला, "आणि ठेकेदार पीसवर पैसे देतो."

फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. आमच्या कंपाउंडरने सवयीने तिथे 'मजूर' लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं: पॉवर प्रेस ऑपरेटर, डाव्या हाताने पत्रा सरकवणे, उजव्या हाताने डायमधून पीस उचलणे, पैसे पीसवर. रकान्यात मावलं नाही, म्हणून उरलेलं समासात लिहिलं.