संगणकशास्त्र कोणी निवडावे?

बारावीनंतरच्या प्रवेशप्रक्रियेत असंख्य विद्यार्थी पसंतीक्रमाच्या यादीत संगणकशास्त्र सर्वांत वर लिहितात. गुण पुरेसे असले तर ते घ्यावयाचे, नसले तर यादीतील पुढच्या नावाकडे वळावयाचे, असा एकंदर व्यवहार असतो. आयुष्यातील चार वर्षे आणि आईवडिलांची साठवलेली पुंजी ज्या निर्णयावर खर्च व्हावयाची, तो निर्णय अशा रीतीने गुणपत्रिकाच घेऊन टाकते.

संगणक हाताळण्याची आवड आणि संगणकशास्त्राची आवड ह्या दोन भिन्न गोष्टी होत. यंत्रावर खेळ खेळण्यात वा चित्रे जुळविण्यात रमणारा मुलगा महाविद्यालयात येतो, आणि तेथे त्याची गाठ पडते ती तर्कशास्त्र, संचसिद्धांत आणि सिद्धता यांच्याशी. ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये दाखवून दिले की, कोणतीही आज्ञावली अखेरीस थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक वेळी सांगू शकणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. त्या वेळी आजच्यासारखा एकही संगणक अस्तित्वात नव्हता. ज्याला हे वाचून कुतूहल वाटण्याऐवजी कंटाळा येतो, त्याने पुन्हा विचार केलेला बरा.

भारतातही आधी यंत्र आले, स्वतंत्र अभ्यासक्रम मागाहून. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 1963 मध्ये आय.बी.एम. 1620 हा संगणक बसविण्यात आला. परंतु तेथे संगणकशास्त्राची बी.टेक. ही पदवी 1978 मध्ये सुरू झाली. मधल्या काळात इतर शाखांचे विद्यार्थी आपापल्या विषयातील गणिते सोडविण्यासाठी तो वापरीत असत. आजही हाच मार्ग पुष्कळांना अधिक मानवेल.

विषयाचा स्वभाव एका साध्या उदाहरणावरून कळतो. अकारविल्हे लावलेल्या 10 लाख नावांच्या यादीतून एक नाव शोधावयाचे आहे. मधले नाव पाहावे. हवे असलेले नाव त्याच्या आधी येत असेल तर मागचा अर्धा भाग सोडून द्यावा, नंतर येत असेल तर पुढचा. असे करीत गेल्यास फार तर 20 वेळा पाहून काम होते. शब्दकोश चाळणारा प्रत्येक जण थोडेबहुत असेच करतो. ही रीत 1946 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. पण यादी कितीही लांबीची असली तरी बिनचूक चालेल असे तिचे लेखन प्रसिद्ध होण्यास दशकाहून अधिक काळ जावा लागला! एवढ्यावरही गोष्ट संपली नाही. जावा ह्या संगणकभाषेच्या प्रमाण संग्रहातील ह्याच रीतीच्या लेखनात सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज केली जाई. यादी प्रचंड असली की ही बेरीज 2,14,74,83,647 ह्या मर्यादेपलीकडे जाई आणि यंत्र तिला ऋण संख्या समजे. 2006 मध्ये ही चूक जाहीर केली ती जोशुआ ब्लॉक यांनी, आणि ते लेखनही त्यांचेच होते.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने ह्या शोधाच्या सूचना कोऱ्या कागदावर स्वतः लिहून पाहाव्यात. यादीत एकच नाव असेल तर? एकही नसेल तर? हवे ते नाव यादीत नसेलच तर? आपलीच चूक पकडण्यात दुपार गेली आणि तरीही उठावेसे वाटले नाही, तर तो ह्या विषयाचा विद्यार्थी आहे. संगणक घरी नसला तरी ही परीक्षा अडत नाही. ज्याला आणखी खोलात जावयाचे असेल त्याला एनपीटीईएल ह्या उपक्रमात तंत्रज्ञान संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात.

नोकरीचा विचार गौण नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर होणार असतो तेथे तर तो सर्वांत आधी येतो. मात्र 2022 नंतर मनुष्याच्या साध्या वाक्यावरून आज्ञावली लिहून देणारी यंत्रणा सर्वसामान्यांच्या हाती आली आहे. तिने लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे पारखणारा माणूस मात्र लागतोच. आणि ती पारख वरच्या कागदावरच्या कामातूनच अंगी येते.

गुण कमी पडल्यामुळे ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांनी गणित वा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्यास हरकत नाही. गणित घेतलेल्या पदवीधराला पुढे एम.सी.ए. करता येते, आणि सिद्धता लिहिण्याची सवय त्याला तोपर्यंत झालेली असते.