विद्यार्थ्याचे अंदाजपत्रक आणि हप्त्यांचा प्रश्न

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा येथून नंदुरबारास शिकावयास जाणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यास शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास २०१६ साली आरंभिलेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेचा आधार असतो. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी प्रारंभी ठरलेली वार्षिक रक्कम ४३,००० रुपये : भोजनास २५,०००, निवासास १२,०००, निर्वाहास ६,०००. दहा महिन्यांवर विभागता भोजनास दिवसाकाठी सुमारे ८३ रुपये येतात; त्यात चहा धरावा की नाही, हा प्रश्न निराळा. खरी अडचण मात्र काळाची आहे. अनुदान हप्त्यांनी येते, खाणावळ व घरभाडे दरमहा द्यावे लागते. त्यामुळे वर्षाचा मेळ जमूनही दोन हप्त्यांच्या दरम्यान विद्यार्थी ऋणको होऊ शकतो. यास्तव हप्ता मिळताच पुढील हप्त्यापर्यंतचे भाडे व खाणावळ प्रथम वेगळी काढावी; पुस्तके आणि गावी जाण्याचे एस.टी.चे भाडे त्यानंतर.